पोरीचा पेपर बघायला मागा



विद्यापीठाचे निकाल लागायला लागले की गटाच्या मासिक बैठकीत हप्ते आणि व्याज बाजूला राहतं आणि पोरींच्या मार्कांचा विषय निघतो. "पेपर चांगला गेला म्हणत होती, आणि एका विषयात राहिली." मग घरात ठरतं, आता पुरे झालं कॉलेज, स्थळं बघू. एसटीचा पास, फी, पुस्तकं हे सगळं आईनं दोन-तीन वर्षं ओढलेलं असतं, आणि चार-पाच मार्कांवर ते थांबतं. सातारा-सांगलीच्या गावांतून गटांचं काम करताना असं थांबलेलं शिक्षण आम्हाला वरचेवर दिसतं. म्हणून आजचा विषय हा: ते मार्क ज्या पेपरावर पडले, तो पेपर बघता येतो.

आपल्या गटातच बघा. पासबुकात दोनशे रुपये कमी दिसले तर आपण लगेच म्हणतो, "सचिवताई, वही काढा." त्यात सचिवताईंचा अपमान होत नाही. कॉलेजच्या बाबतीत मात्र आपण गप्प बसतो. सर रागावतील, पुढच्या वर्षी बघून घेतील, असं वाटतं. पण विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर पोरीचं नाव नसतं, बैठक क्रमांक असतो. आणि अर्ज जातो परीक्षा विभागाकडे, सरांच्या घरी नाही.

हा हक्क पहिल्यापासून नव्हता. आपल्याच राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी पेपर दाखवा म्हणून दावे केले होते. मंडळाचा नियम होता की फक्त बेरीज तपासून मिळेल. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांची बाजू घेतली, पण १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मंडळाचा नियम कायम ठेवला. पुढं २००५ साली माहितीचा अधिकार आला. पश्चिम बंगालमधल्या एका विद्यार्थ्यानं सीबीएसईकडे आपला पेपर मागितला, तो मिळाला नाही, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती आहे आणि ज्याची त्याला ती बघता येते, प्रतही घेता येते. तपासणाऱ्याचं नाव मात्र मिळत नाही. आणि पेपर जपून ठेवण्याची जी मुदत ठरलेली असते, तेवढ्यातच मागावा लागतो. रद्दीत गेल्यावर कोण कुठून देणार?

आता अर्ज कुठं करायचा? इथंच पुष्कळ जणी अडकतात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत. पण काही कॉलेजं स्वायत्त आहेत. तिथं पदवी विद्यापीठाची असली तरी परीक्षा कॉलेजच घेतं, म्हणून अर्जही कॉलेजच्याच परीक्षा विभागात द्यायचा. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे, त्याचा परीक्षा विभाग वेगळा. घर सांभाळून मुक्त विद्यापीठातून बीए करणाऱ्या आपल्या सुना आहेत, त्यांचं विद्यापीठ नाशिकचं. गुणपत्रकाच्या डोक्यावर कुणाचं नाव छापलंय ते आधी वाचा. जतहून किंवा म्हसवडहून कोल्हापूरची फेरी म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडाला.

अर्जात तीन शब्द येतात. गुणपडताळणी म्हणजे बेरीज पुन्हा करणं आणि एखादा प्रश्न तपासायचा राहिला का ते बघणं. छायांकित प्रत म्हणजे पेपरची झेरॉक्स. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाकडून पेपर तपासून घेणं. प्रत्येकाची फी वेगळी आणि मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांची असते. नेमकी तारीख त्या वेळच्या परिपत्रकात असते, म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात परिपत्रक बघायला लावा. आमचं मत असं की आधी झेरॉक्स घ्यावी. न बघता पुनर्मूल्यांकनाला पैसे भरणं म्हणजे गाय न बघता बाजारात पैसे मोजणं. शिवाय दुसऱ्या तपासणीत मार्क कमीही होऊ शकतात. त्याबद्दल त्या विद्यापीठाचा नियम काय, ते विचारून मगच सही करावी.

झेरॉक्स आली की पोरीला एकटीला बघत बसू देऊ नका. शेजारी बसा, लिहिता-वाचता येत नसलं तरी बसा. पानं सगळी आहेत का, पुरवणी जोडली आहे का, प्रत्येक उत्तरापुढं मार्क आहेत का, आतल्या मार्कांची बेरीज पहिल्या पानावर तशीच उतरली आहे का, आणि पहिल्या पानावरचे मार्क गुणपत्रकात तेवढेच आहेत का. यातली निम्मी कामं बेरजेची आहेत, आणि बेरीज आपल्याला येते. राहिलेलं, म्हणजे उत्तराला मार्क बरोबर पडले का, ते त्या विषयाच्या दुसऱ्या एखाद्या मॅडमना दाखवावं. कधी पेपर बघून पोरच म्हणते, "आई, हे मी चुकलंच होतं." तेही कळलेलं बरं. पुढचा अभ्यास कशाचा करायचा ते कळतं आणि पुनर्मूल्यांकनाची फी वाचते.

एका गटातल्या ताईंच्या मुलीचं असंच झालं. विषय राहिला म्हणून ती पेपरच्या झेरॉक्सचे पैसे भरायला निघाली होती. गुणपत्रक नीट बघितलं तर लेखी परीक्षेत ती पास होती. अंतर्गत गुणांच्या रकान्यात गैरहजर लागली होती. तोंडी परीक्षा तिनं दिली होती आणि हजेरीच्या कागदावर तिची सही होती. असे मार्क कॉलेजातून विद्यापीठाकडे जातात, तिथं पेपर काढून काही उपयोग नाही. तिनं प्राचार्यांच्या नावानं अर्ज केला, एका प्रतीवर पोच घेतली, कॉलेजनं दुरुस्तीचं पत्र पाठवलं. सुधारित गुणपत्रक यायला वेळ लागला. तोवर तिनं पुनर्परीक्षेचा फॉर्मही भरून ठेवला होता, आणि हे फार शहाणपणाचं. अर्जाचा निकाल येईल म्हणून फॉर्मची तारीख घालवू नये, नाहीतर वर्ष हातचं जातं.

माहितीच्या अधिकारात पेपर मागायचा असेल तर अर्ज जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावानं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत, एकाच विषयाचा. प्रतीला पानाला २ रुपये. दारिद्र्यरेषेखालचा दाखला जोडला तर फी नाही. कशासाठी हवंय हे विचारायचा त्यांना अधिकार नाही, आणि लिहिता येत नसेल तर त्यांनीच लिहून घ्यायला मदत करायची असते. विद्यापीठाची झेरॉक्सची वेगळी फी असली तरी हा स्वस्त रस्ता बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेच्या प्रकरणात म्हटलं आहे. अडचण एकच. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत संपते. मार्क बदलून घ्यायचे असतील तर विद्यापीठाच्याच रस्त्यानं आधी जावं. तिथं दाद लागली नाही किंवा मुदत गेली, तर माहितीचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

निकालच लागत नसेल तर? राज्याच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा असं लिहिलेलं आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठानं पेपर संगणकावर तपासायला घेतले आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, तेव्हा कुलगुरूंना पद सोडावं लागलं होतं.

आणि तपासणीतच अन्याय झाला असं वाटत असेल, कॉलेज अर्जाला उत्तरच देत नसेल, तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे लेखी द्यायचं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणं ही समिती प्रत्येक कॉलेजात असायला हवी, तिच्यात बाई सदस्य हवी आणि १५ कामाच्या दिवसांत तिनं निर्णय द्यायला हवा. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं. समिती कुठं बसते हे कॉलेजच्या शिपायाला माहीत नसेल तर ऑफिसात जाऊन तिच्या सदस्यांची यादी मागा. जाताना गुणपत्रक, हॉल तिकीट आणि आधीच्या अर्जाची पोच बरोबर ठेवा.