कडा सापडला, पण तो कुणाचा?

मागच्या भागात आपण दोर आणि गाठींबद्दल बोललो. त्यानंतर बेंगळुरू, हैदराबाद, फरिदाबाद अशा ठिकाणी राहणाऱ्या बऱ्याच मराठी मुलामुलींनी एकच प्रश्न विचारला : "सर, जिममधल्या भिंतीवर सराव झाला, आता घराजवळ खरा कातळ कुठे मिळेल?" प्रश्न योग्य आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा, की तो कातळ कुणाचा आहे आणि तिथे चढायला कुणाची परवानगी लागते? माझा अनुभव सांगतो. चढाईच्या जागा हातून जातात त्या कडा अवघड असतो म्हणून नव्हे. कायदा न पाहिल्यामुळे किंवा खालच्या गावाशी बिनसल्यामुळे जातात.

आधी जागा शोधू. फौजेत ज्याला रेकी म्हणतात, ते काम घरच्या टेबलावर सुरू होतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावरचे २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समान उंचीच्या रेषा, म्हणजे कंटूर, साधारण २० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात. त्या जिथे एकमेकींना चिकटल्या, तिथे कडा आहे असं समजा. मग तीच जागा उपग्रह चित्रात पाहा. लांब, सरळ सावली दिसली तर अंदाज पक्का होतो.

पण नकाशाची एक मर्यादा लक्षात ठेवा. १५ मीटरचा सुंदर कातळ दोन कंटूरच्या मधे लपून राहतो, आणि नवशिक्यांना हवा असतो तो नेमका तेवढाच. तो नकाशा दाखवणार नाही, गुराखी दाखवेल.

दगडाची जातही ओळखा. सह्याद्रीचा बेसाल्ट थराथरांचा असतो. मधे गवताचे टप्पे आणि सुटे दगड असतात, त्यामुळे हेल्मेटशिवाय कड्याखाली उभंसुद्धा राहू नका. हंपी, हैदराबाद, रामनगर इथे ग्रॅनाइट आहे. तिथे बऱ्याचदा पकडीपेक्षा बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर भरवसा ठेवावा लागतो. बदामीचा वालुकाश्म पावसात भिजला की कमजोर होतो आणि पकड तुटून हातात येते. तो पूर्ण वाळेपर्यंत थांबा. दिल्लीकरांच्या जवळचं धौज अरवलीच्या क्वार्टझाइटचं आहे, टणक आणि धारदार.

आता मुख्य मुद्दा. कातळ रिकामा दिसतो, पण बेवारस नसतो. तो खासगी मालकीचा असेल, गावाच्या सामाईक जमिनीत असेल, वनखात्याचा असेल, अभयारण्यात असेल किंवा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित क्षेत्रात असेल. महाराष्ट्रात सातबारा पाहा, कर्नाटकात पहाणी, हरियाणात जमाबंदी. नोंदी ऑनलाइन मिळतात. गट नंबर कळत नसेल तर तलाठ्याला किंवा पटवाऱ्याला विचारा.

ही माहिती का लागते, ते तीन उदाहरणांवरून पाहू.

पहिलं रामनगर, बेंगळुरूपासून सुमारे ५० किलोमीटर. 'शोले'मुळे हे डोंगर सगळ्यांना माहीत आहेत. बेंगळुरूच्या गिर्यारोहकांच्या कित्येक पिढ्या इथे शिकल्या. पण तिथल्या रामदेवर बेट्टाच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, म्हणून २०१२ मध्ये ते गिधाड अभयारण्य झालं. हे गिधाड एका हंगामात एकच अंडं घालतं. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे देशातली गिधाडं जवळजवळ संपली. त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण संख्या सहजी भरून येत नाही. अशा वेळी आपण दोर घेऊन घरट्याशेजारी पोचलो आणि पक्षी अंडं सोडून उडाला, तर त्या जोडीचं वर्ष वाया गेलं. इथे परवानगी नाकारणारा अधिकारी आपला शत्रू नाही. शेजारी दुसरे डोंगर आहेत, त्यांची चौकशी करा.

दुसरं हंपी. गोल शिळांवरच्या बिनदोराच्या चढाईसाठी जगभरातून लोक येतात. त्यांचा मुक्काम तुंगभद्रेपलीकडच्या विरुपापूर गड्डीत असायचा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली बांधकामं बेकायदा ठरवली आणि हॉटेलं पाडली गेली. हंपी जागतिक वारसा आहे. तिथे कुठला दगड नुसता दगड आहे आणि कुठला स्मारकाचा भाग आहे, हे आधी विचारलंच पाहिजे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ड्रिल मारून बोल्ट ठोकणं तर दूरच, खडूच्या पुडीचे पांढरे डागही तिथे ठेवू नका. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या कड्यांनाही हाच न्याय.

तिसरं धौज. तिथून जवळच मांगर बनी ही देवराई आहे. तिथलं झाड तोडायचं नाही, हा नियम आसपासची गावं पिढ्यानपिढ्या पाळत आली आहेत. बाहेरून गेलेल्या माणसाला ती साधी झाडी वाटते आणि तो दोर बांधायला फांद्या छाटतो. कागद पाहून हे कळत नाही. ते गावातच कळतं.

म्हणून पहिल्या खेपेला दोर नेऊच नका. दोघंतिघं जा. हरियाणात "राम राम ताऊ", कर्नाटकात "नमस्कार अण्णा", आपल्याकडे "राम राम मामा" म्हणा आणि चहा घ्या. काय करणार ते साध्या शब्दांत सांगा. मग चार गोष्टी विचारा. वर देवस्थान आहे का? आग्या मोहोळ कुठे आहे? बायकांचा पाण्याचा, धुण्याचा रस्ता कुठला? गाडी कुठे लावली तर कुणाची अडचण होणार नाही? मोहोळाचा प्रश्न जिवाचा आहे. त्या कड्यावर चढायचं नाही, खाली धूर करायचा नाही, अत्तर लावून जायचं नाही.

गाव नाही म्हणतं, त्यामागे कारण असतं. सह्याद्रीतल्या एका वाडीत एका आजींनी मला विचारलं, "वर काय ठेवलंय रं तुमचं? पडला म्हंजी आमचीच पोरं झोळी करून आननार न्हवं?" त्यांचं खरं होतं. अपघात झाला की सगळ्यात आधी गावकरीच धावतात. रात्रभर तेच राबतात, आणि पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरंही त्यांनाच द्यावी लागतात. आम्ही त्यांना आमचं स्ट्रेचर दाखवलं, जखमीला कसं न्यायचं ते वाडीतल्या मुलांना शिकवलं. त्यानंतर बोलणं सोपं झालं.

तोंडी होकारावर थांबू नका. वनरक्षकाची बदली होते, सरपंच बदलतो. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि ग्रामपंचायत यांना एक पानी पत्र द्या : तारीख, वेळ, माणसं किती, प्रमुख कोण, विमा, जवळचं रुग्णालय, संपर्काचा नंबर. शिक्क्यासह पोच घ्या आणि ती जवळ बाळगा. खासगी शेत असेल तर मालकाची चिठ्ठी घ्या. उभ्या पिकातून जाऊ नका. जेवण गावातच सांगा आणि पैसे रोख द्या.

आणि नकार आला तर? मान्य करा. पहाटे अंधारात गुपचूप चढून येणाऱ्यांना शौर्य वाटतं, पण त्याची किंमत पुढच्या दहा तुकड्या मोजतात. कारण विचारा. हंगाम बदलून, माणसं कमी करून किंवा दुसरी बाजू घेऊन मार्ग निघतो का, ते पाहा. होकार मिळाला तरी त्या जागेचा नेमका ठिकाणा लगेच इंटरनेटवर टाकू नका. पाच जणांना दिलेली परवानगी पन्नास जणांना लागू होत नाही.

चढाई झाल्यावर कचरा तर आणायचाच, पण निघताना गावात जाऊन "आम्ही सगळे सुखरूप उतरलो" एवढं सांगूनही या. पुढच्या वेळी तुमचं स्वागत होणार की नाही, हे पुष्कळदा त्या एका वाक्यावर ठरतं.

तर येत्या रविवारी नकाशा घ्या, दोर घरी ठेवा आणि एक गाव पाहून या. काय कळलं ते मला लिहा. पुढच्या भागात बोलू कड्यावरच्या बचावकार्याबद्दल. जय हिंद!