सात इंची टॅबचा खरा ग्राहक

२०१० साली छोट्या टॅबलेटबद्दल दोन ठाम विधाने झाली आणि ती एकमेकांना छेद देणारी होती. जुलैमध्ये तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठीच्या टॅबलेटचा नमुना दाखवला. त्याची किंमत ३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने दीड हजार रुपयांच्या आसपास राहील, असे त्यांनी जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी बाजार विश्लेषकांशी बोलताना सात इंची टॅबलेटचा निकाल आधीच लागला आहे, असे सांगून टाकले. किंमत उतरली की मागणी आपोआप उभी राहील, अशी एकाची खात्री होती. पडदा लहान झाला की मागणीच उरणार नाही, अशी दुसऱ्याची.

मधल्या दीड दशकात काय घडले ते नीट तपासले, तर लहान आणि स्वस्त टॅबला बाजार आहे, असेच माझे उत्तर आहे. मात्र आपण तो किमतीच्या पाटीवर शोधत राहिलो. तो आहे अशा घरांत, जिथला एकुलता स्मार्टफोन सकाळी कमावत्या माणसाबरोबर बाहेर पडतो आणि अभ्यास करणारे मूल मागे राहते. या ग्राहकाला डोळ्यांसमोर ठेवून टॅब क्वचितच बनवले गेले, आणि सरकारी खरेदी तर बहुतेक वेळा त्याला विचारात न घेताच झाली.

कर्ण आणि क्षेत्रफळ

जॉब्ज यांचा युक्तिवाद समजून घ्यायला शाळेतली भूमिती पुरते. पडद्याचे माप कर्णात सांगतात, पण वाचणाऱ्याला उपयोग होतो क्षेत्रफळाचा. पहिला आयपॅड ९.७ इंची होता. त्याच्याशेजारी सात इंची, लांबट पडद्याचा टॅब ठेवला तर कर्णात पावणेतीन इंचांचाच फरक दिसतो, पण जागा निम्म्याहून कमी भरते. इतक्या जागेत बोटाने नेमके बटण दाबणे अवघड जाईल, हा जॉब्ज यांचा मुद्दा होता.

त्यांच्याच कंपनीत सगळ्यांना तो पटला नव्हता. पुढे सॅमसंगबरोबरच्या २०१२ सालच्या खटल्यात अ‍ॅपलचे एक वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांचा जानेवारी २०११ मधला ईमेल उघड झाला. सॅमसंगचा सात इंची टॅब स्वतः वापरल्यावर त्यांनी लिहिले होते की या आकाराला बाजार मिळेल आणि आपणही असा टॅब काढावा. ऑक्टोबर २०१२ मध्ये अ‍ॅपलने आयपॅड मिनी जाहीर केला. किंमत ३२९ डॉलर, पडदा ७.९ इंची. सातच्या पुढचा हा जेमतेम एक इंच आणि पडद्याची चौकोनी ठेवण यांमुळे वाचायची जागा सात इंची टॅबपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढली होती.

मराठी विद्यार्थ्यासाठी हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफच्या रूपात मोफत मिळतात, पण त्यांचे पान छापील पुस्तकाच्या आकाराचे असते. फोनवर ते पान मोठे करून डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते. आकृती एका टोकाला राहते आणि तिचे स्पष्टीकरण दुसऱ्या. सात इंची लांबट पडद्यावर हा त्रास कमी होतो, पण संपत नाही. आठ-नऊ इंचांच्या आसपास पान एका नजरेत येऊ लागते. स्वस्ताईसाठी पडदा किती लहान करावा, याची मर्यादा या पानानेच घालून दिली आहे.

अमेरिकेतला धडा

किंमत उतरल्यावर काय होते, हे २०११ च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ प्रयोगासारखे दिसून आले. एचपी कंपनीने जुलैमध्ये ४९९ डॉलरला आणलेला टचपॅड ग्राहक घेईनात. दीड-दोन महिन्यांतच कंपनीने तो बंद करायचे ठरवले आणि उरलेला माल ९९ डॉलरला काढला. काही दिवसांत दुकाने रिकामी झाली. मागणी होती, पण त्या भावात टॅब बनवणे कोणालाच परवडणारे नव्हते.

अ‍ॅमेझॉनने या पेचातून वाट काढली. त्याच वर्षी आलेला सात इंची किंडल फायर १९९ डॉलरला होता. यंत्रावर फारसा नफा न घेता पुस्तके, चित्रपट आणि वस्तू विकून कमवायचे, हे त्यामागचे धोरण होते. २०१२ मध्ये गूगलने आसूसकडून बनवून घेतलेला नेक्सस ७ याच किमतीला आला. २०१५ मध्ये अ‍ॅमेझॉनचा फायर ५० डॉलरवर उतरला. सिब्बल यांनी सांगितलेला आकडा आता दृष्टिपथात आला होता, पण यंत्राचा तोटा दुसरीकडे भरून काढणारे दुकान पाठीशी असल्यामुळेच ते शक्य झाले होते.

एवढ्यात दुसऱ्या बाजूने फोन वाढू लागले. सॅमसंगचा ५.३ इंची गॅलॅक्सी नोट २०११ मध्ये आला, तेव्हा हा फोन हातात धरायचा कसा, असे अनेकांनी विचारले. २०१४ मध्ये अ‍ॅपलनेच ५.५ इंची फोन काढला. ज्याच्या खिशात साडेपाच इंची पडदा आहे, तो सात इंचीसाठी वेगळे पैसे मोजत नाही. स्वतःसाठी, स्वतःच्या पैशांनी छोटा टॅब घेणारा ग्राहक मोठ्या संख्येने फोनकडे गेला. नेक्सस ७ ची मालिका तर दोन पिढ्यांतच थांबली.

‘आकाश’ची गोष्ट

भारतातली कहाणी यापेक्षा वेगळी, आणि माझ्या दृष्टीने अधिक शिकवणारी आहे. सिब्बल यांनी जाहीर केलेला टॅब पुढे ‘आकाश’ या नावाने आला, पण या कहाणीची सुरुवात खरे तर त्याच्याही आधी होते. २००५ मध्ये निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जगातल्या प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. भारत सरकारने पुढच्याच वर्षी तिला नकार दिला. तरीही २००७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या खैराट या छोट्या गावच्या शाळेत त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा प्रयोग झाला. प्रत्यक्षात त्या यंत्राची किंमत १०० डॉलरवर कधीच आली नाही. ती जवळपास दुप्पट राहिली. ३५ डॉलरची घोषणा करताना हा अनुभव आपल्यासमोर होता.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत आकाशचे अनावरण झाले. डेटाविंड ही कंपनी पुरवठादार होती आणि आयआयटी राजस्थानकडे योजनेची जबाबदारी होती. सरकारला एक टॅब सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२ अशी त्याची रचना होती.

किमतीची काटछाट कुठे झाली, ते बोट लावताच कळत होते. टचस्क्रीन दोन प्रकारचे असतात. एकात बोटातल्या विद्युतभाराची जाणीव पडद्याला होते, त्यामुळे हलका स्पर्श पुरतो. दुसऱ्यात दोन पातळ थर असतात आणि वरचा दाबून खालच्याला टेकवावा लागतो. हा दुसरा प्रकार स्वस्त, म्हणून आकाशमध्ये तो वापरला गेला. त्यावर पान सरकवायलाही जोर द्यावा लागे. बॅटरी दोन-तीन तासांपलीकडे तग धरत नसे. आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून मोठी उणीव म्हणजे मूळ अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरीची सोयच नव्हती. अँड्रॉइडमध्ये ती आली ४.० पासून. खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या नावाने जाहीर झालेले यंत्र त्याची लिपी न जाणणाऱ्या प्रणालीवर उभे होते, हे मला फार गंभीर वाटते.

टॅब किती मजबूत असावा, चाचण्या किती कडक घ्याव्यात, यावरून कंपनी आणि आयआयटी राजस्थान यांच्यात वाद झाला. अखेर २०१२ मध्ये योजना पवईला, आयआयटी मुंबईकडे आली. तिथे प्रा. दीपक फाटक यांच्याकडे ती सोपवण्यात आली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी आकाश-२ चे अनावरण केले. हा टॅब खूपच सुधारलेला होता : हलक्या स्पर्शाचा पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुप्पट रॅम आणि अँड्रॉइड ४.०. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि अनुदान धरून विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत, १,१३० रुपयांना, देण्याची योजना होती.

पवईत झालेले काम यंत्रापेक्षा मोलाचे होते आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली. तिथल्या गटांनी या टॅबवर लिनक्स चालवून दाखवले. गणिती आकडेमोडीची सायलॅब प्रणाली, प्रोग्रॅमिंग शिकण्याची साधने, वर्गात प्रश्न विचारून लगेच उत्तरे गोळा करण्याची सोय असे बरेच काही त्यावर आणले. दूरस्थ केंद्रांतून देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकाचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आधीपासून उपलब्ध केले होते. यंत्र, शिक्षक आणि भाषा या तिन्ही गोष्टी एका छताखाली येण्याची ती दुर्मीळ वेळ होती.

एक लाख टॅबांच्या खरेदीनंतर मात्र ही साखळी तुटली. २०१५ मध्ये प्रकल्प बंद झाला. तोवर सात इंची टॅब खुल्या बाजारात सहज मिळू लागले होते. एप्रिल २०१२ मध्येच मायक्रोमॅक्सचा फनबुक ६,४९९ रुपयांना आला होता आणि शेन्झेनमध्ये बनलेले बिननावाचे टॅब त्याहूनही स्वस्त होते. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेटचा दर कोसळला आणि घरातला पहिला पडदा म्हणून फोनचे स्थान पक्के झाले.

मागे राहिलेले मूल

मग छोट्या टॅबचे काम संपले का? या प्रश्नाचे उत्तर ‘असर’ या नावाने होणाऱ्या, ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहण्यांत सापडते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. ही वाढ थक्क करणारी आहे. पण २०२१ च्या त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे : घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांना तो अजिबात वापरायला मिळत नव्हता. ज्यांना मिळत होता, त्यांतल्याही अनेकांना तो कधीमधीच मिळे. टाळेबंदीत ज्या शिक्षकांनी व्हॉट्सॅपवर गृहपाठ पाठवले, त्यांना उत्तरे रात्री नऊनंतर का येतात, हे चांगले ठाऊक आहे. तेव्हा वडील घरी परतलेले असतात.

याच्या जोडीला २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा आकडा ठेवा : ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता. म्हणजे फोन घरोघरी पोचला, पण घरात थांबणारा पडदा पोचलाच नाही. लहान, स्वस्त टॅबची खरी जागा ही आहे. या टॅबला फोनशी वेगाची स्पर्धा करायची नाही. त्याने घरात राहायचे आहे, दोन भावंडांच्या हाताळणीला टिकायचे आहे आणि नेट नसतानाही धडा उघडायचा आहे.

राज्य सरकारांनी ही मागणी आपापल्या परीने ओळखली. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तके भरलेले टॅब दिले. गुजरातने २०१७ मध्ये महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांना एक हजार रुपयांत टॅब देऊ केला. हरियाणाने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या सुमारे पाच लाख विद्यार्थ्यांसाठी टॅबची योजना सुरू केली. नागपूरची महाज्योती संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते. शाळेबाहेरही असेच. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात जनगणनेत भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छोट्या टॅबवर नोंदी झाल्या आणि पुढे आरोग्यसेविकांच्या नोंदवह्या टॅबवर आणण्याचे ‘अनमोल’ हे अ‍ॅप आले. ठरलेले काम आणि ठरलेला वापरणारा असला की हा आकार उपयोगी पडतो, हे यातून सिद्ध झाले आहे.

स्वस्त कशाला म्हणायचे

अडचण खरेदीनंतर सुरू होते. निविदेत सर्वांत कमी दर जिंकतो आणि तो दर खरेदीच्या दिवसापुरता असतो. दोन वर्षांनी बॅटरी फुगते, चार्जिंगची पिन ढिली होते, डिस्प्ले जातो. तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात फोनचे सुटे भाग मिळतात. सरकारी टॅबचे मिळत नाहीत, कारण ते मॉडेल खुल्या बाजारात नसते. पाच हजारांचा टॅब दीड वर्षात कपाटात गेला, तर नऊ हजारांचा पाच वर्षे चालणारा टॅब त्याच्यापेक्षा निश्चित स्वस्त असतो.

म्हणून निविदेत काही अटी आल्याच पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. दर पाच वर्षांच्या वापराचा मोजावा. बॅटरी आणि पडदा बदलून मिळण्याची हमी जिल्ह्याच्या ठिकाणी असावी. पडदा आठ इंचांहून कमी नसावा, कारण बालभारतीचे पान त्यावर वाचायचे आहे. जोडाक्षरे, मराठी कळफलक आणि मराठीतला शोध यांची चाचणी खरेदीआधी मुलांकडूनच करून घ्यावी. ‘दीक्षा’सारख्या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरचे पाठ नेटशिवाय चालतील असे भरून द्यावेत. आणि प्रत्येक शंभर टॅबांमागे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची तरतूद त्याच खर्चात धरावी, जसे पवईत झाले होते.

यांतली एकही अट तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. २०११ मध्ये दोन-सव्वादोन हजारांत चांगला पडदा बसत नव्हता, ही खरी अडचण होती. आज साडेआठ इंचांच्या आसपासचे, मराठी व्यवस्थित दाखवणारे टॅब दहा-बारा हजारांच्या घरात दुकानात मिळतात. लाखोंच्या संख्येने घेतले तर ते आणखी स्वस्त पडतील. यंत्र आता आपल्या ऐपतीत आले आहे. ज्या मुलासाठी ते घ्यायचे, त्याच्या घरातला दिवस कसा जातो हे पाहून निविदा लिहिणारे खाते मात्र अजून उभे राहायचे आहे, आणि ती मागणी पालकांनी, शिक्षकांनी व स्थानिक लोकप्रतिनिधींनी आता लावून धरली पाहिजे.