बँक नको, मग बिटकॉइन?

नोव्हेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण होते आणि सुमारे ७९ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळणार होती. तरी ज्या घरात मुलीच्या लग्नाचे किंवा हजचे पैसे अडकतात, तिथे ‘बँक बुडाली’ एवढेच लक्षात राहते. अशा वेळी कोणी मोबाइल पुढे करून म्हणतो, ‘बँक कशाला? क्रिप्टो घ्या, यात व्याजही नाही.’ व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्या आपल्या घरांत हे बोलणे लवकर पटते.

कल्पना वाईट नाही, हे आम्ही मान्य करतो. शाखा नको, मॅनेजर नको, केवायसीसाठी हेलपाटे नकोत. जनधन योजना २०१४ पासून आहे, पण खाते असणे आणि ते वापरता येणे यात फरक आहे. झरी जामणीच्या पोडावरून बँक दूर पडते. ओझी वाहून बोटांच्या रेषा झिजलेल्या हमालाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. ही माणसे सावकाराकडे जातात ती हौसेने नव्हे.

पण क्रिप्टो त्यांच्या हातात टिकेल का? स्वतःच्या वॉलेटची किल्ली म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ते हरवले की पैसे गेले. तक्रार ऐकणारे कोणी नाही. उर्दू किंवा मराठीच वाचणाऱ्या आईने ते शब्द कसे जपायचे? आणि घरधन्याचे अचानक निधन झाले तर? बँकेत निदान नॉमिनी असतो, वारस कागद घेऊन जाऊ शकतात. इथे शब्द फक्त मरहूमलाच ठाऊक असतील तर बेवेचा, मुलामुलींचा मीरासमधला हक्क कायमचा बुडतो. जाहिरातीत याबद्दल एक अक्षर नसते.

भावाचेही तसेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले. बियाण्यासाठी ठेवलेले पैसे पेरणीच्या वेळी पाव उरले तर शेतकऱ्याने काय करावे? वर आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही.

व्याज नसल्याच्या दाव्याचे काय? महाराष्ट्रात गाजलेल्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. २०१८ मध्ये तिच्या सूत्रधाराला अटक झाली. ठरलेला परतावा हे सूद नाही तर काय? इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टोचा वापर हराम ठरवला, कारण त्यात गरर म्हणजे अनिश्चितता आणि नुकसान आहे. मलेशियातील शरीअत सल्लागार मंडळाने मात्र डिजिटल मालमत्तेच्या खरेदी-विक्रीला अटींसह मुभा दिली. मतभेद आहेत, आपल्या आलिमांना विचारूनच निर्णय घ्यावा.

एल साल्वाडोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केले, सरकारी ॲप दिले, वर ३० डॉलर भेट दिले. भेट खर्च झाली आणि बहुतेकांनी ॲप वापरणे सोडले. याउलट केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा साध्या फोनवर चालली, कारण गावच्या दुकानात बसलेला ओळखीचा एजंट रोख रक्कम हातात देत होता. गरिबाला लागते ते हेच: जवळचा माणूस, आपली भाषा आणि चूक झाली तर दाद मागण्याची जागा. हे तिन्ही मिळाले तर क्रिप्टोही चालेल. आज मिळत नाही.

तोवर साध्या फोनवरून चालणारी यूपीआय १२३पे आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाची माहिती १४४४८ वर मिळते. फोनवर कोणी फसवले तर वेळ न दवडता १९३० वर कळवावे. आणि उमरखेड, पुसद, दिग्रसच्या जमातींनी मशिदीच्या बैतुलमालमधून कर्ज-ए-हसना देताना नोंदवही दोन भाषांत ठेवली, घरच्या बायकांनाही हिशेब दाखवला, तर सावकाराच्या दारातली काही माणसे याच वर्षी कमी होतील.