पुसदचें गवत : वणव्याची राखण, जंगलचा कायदा व लोकनायक अणे

यवतमाळ जिल्ह्याच्या अर्वाचीन इतिहासांत १० जुलै १९३० हा दिवस सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या दिवशीं लोकनायक माधव श्रीहरि ऊर्फ बापूजी अणे यांनीं पुसदनजीकच्या राखीव जंगलांत गवत कापून जंगलचा कायदा मोडला व सहा महिन्यांची शिक्षा पत्करली. ही हकीकत बहुधा चार ओळींत उरकली जाते आणि लेखक लगेच दिल्ली व कोलंबो येथील प्रसंगांकडे वळतात. परंतु गवतच कां, लांकूड कां नव्हे, आणि ज्या कायद्यानें गवताची पेंढी उचलणें हा गुन्हा ठरविला त्याचा वणव्याच्या राखणीशीं काय संबंध होता, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जंगलखात्याचे कागद हेंहि इतिहासाचें साधन आहे, ही जाणीव आपल्या संग्राहकांत अद्याप रुजली नाहीं, हें त्याचें एक कारण असावें.

प्रथम भूमीचा विचार करूं. पूर्वेकडे वर्धा व दक्षिणेकडे पैनगंगा, यांमधला हा डोंगराळ टापू. सागवान, धावडा, ऐन, तेंदू, मोह, सालई हीं येथील मुख्य झाडें. जंगल रुक्ष व पानगळीचें. माघ सरतां सरतां झाडें उघडीं पडूं लागतात, पावसाळ्यांत कमरेइतकें वाढलेलें गवत वाळून उभें असतें, आणि चैत्रांत एक ठिणगी पुरते. बांबूवर बांबू घासून वणवा पेटतो ही कल्पना काव्यांत शोभते. प्रत्यक्षांत बहुतेक वणवे मनुष्याच्या हातचे असतात. मोह वेंचणारा झाडाखालचा पाला जाळतो, कारण फुलें स्वच्छ जमिनीवर पडलेलीं बरीं. तेंदूला कोंवळें पान फुटावें म्हणून कोणी आग लावतो. गुराख्याला राखेंतून उठणारें हिरवें गवत हवें असतें. यांत दुष्टपणा थोडा व गरज पुष्कळ. गोंड, कोलाम इत्यादि जातींचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या जंगलांत नांदत आले. त्यांना जंगल जाळून टाकावयाचें असतें तर तें इतकीं शतकें उरलें नसतें.

वणव्यापासून जंगल राखण्याची पद्धतशीर व्यवस्था मध्यप्रांतांत १८६० नंतरच्या दशकांत सुरू झाली. त्या प्रांताचे पहिले जंगल-अधिकारी पिअर्सन यांनीं बोरीच्या सागवानी जंगलांत ती प्रथम यशस्वी करून दाखविली. तिचें मुख्य अंग म्हणजे जाळरेषा. जंगलाच्या कडेनें व विभागांच्या मधून ठराविक रुंदीचा पट्टा आंखावयाचा, त्यावरील गवत कापावयाचें, तें वाळलें कीं उन्हाळा लागण्यापूर्वीं देखरेखीखालीं जाळावयाचें. म्हणजे पुढें येणाऱ्या वणव्याला त्या पट्ट्यावर खावयास कांहीं उरत नाहीं. महाराष्ट्रांत आजहि १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतात, आणि जाळरेषांचें काम तत्पूर्वीं उरकावें लागतें. त्यानंतर नाकेदार व त्याच्या हाताखालीं हंगामापुरते लाविलेले राखणदार जाळरेषा झाडून ठेवतात व उंचवट्यावरून धुराकडे डोळा ठेवतात. आग दिसली तर हिरव्या फांद्यांनीं झोडपणें, आणि तें न साधेल तर मागें हटून जाळरेषेवरून तिच्या समोर दुसरी आग सोडणें, एवढींच काय तीं त्यांचीं आयुधें. दुसरा उपाय ऐकावयास सोपा आहे. वारा फिरला तर तो करणाऱ्याच्याच अंगावर येतो.

वऱ्हाडांतील सरकारी जंगलाचे तीन वर्ग केलेले होते : पहिला इमारती लांकूड व सरपण यांसाठीं, दुसरा वैरणीसाठीं, तिसरा गुरांच्या चराईसाठीं. दुसऱ्या वर्गांतील गवताच्या राखणीला रमणा म्हणत. म्हणजे गवत ही सरकारच्या दृष्टीनें उत्पन्नाची बाब होती व त्याच वेळीं वणव्याचें सरपणहि होती. येथें एक विसंगति ध्यानांत घेण्याजोगी आहे. आगीपासून जंगल वांचवावयाचें तर गवत कापलें पाहिजे. जाळरेषेवर खातें स्वतः मजुरी देऊन तें कापवितें. शेजारच्या गांवकऱ्यानें तेंच गवत बैलासाठीं परवान्यावांचून कापलें कीं तो मात्र अपराधी.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत ही विसंगति कलमवार पाहावयास मिळते. कलम ७९ अन्वयें, जंगलांत कोणताहि हक्क किंवा परवानगी भोगणारा मनुष्य, तसेंच लगतच्या गांवचा सरकारी वेतन घेणारा नोकर, यांनीं वणव्याची वर्दी दिली पाहिजे, आणि कोणी सांगो वा न सांगो, तो विझविण्यास धांवलें पाहिजे. गांव हें अशा रीतीनें बिनपगारी राखणदार ठरलें. उलट कलम २६ अन्वयें, वणवा जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणानें लागला असें दिसल्यास त्या भागांतील चराईचे व जंगलच्या मालाचे हक्क सरकार कांहीं काळ बंद करूं शकतें. आग एकानें लावावी व वैरण सगळ्या गांवाची थांबावी! वऱ्हाड कायद्यानें निजामाचा मुलूख असल्यामुळें ब्रिटिश हद्दींतील कायदे तेथें आपोआप लागू होत नसत, व त्या प्रांतासाठीं १८८६ चा निराळा जंगल-कायदा होता, हें अभ्यासकांनीं विसरूं नये. तथापि दोहोंच्या मुळाशीं असलेला विचार एकच.

त्याच २६ व्या कलमांत राखीव जंगलास आग लावणें व तेथून गवत नेणें हीं दोन्हीं कृत्यें शेजारीं शेजारीं बसविलेलीं असून मूळ अधिनियमांत दोहोंना कमाल शिक्षा एकच होती : सहा महिने कैद किंवा पांचशें रुपये दंड, अथवा दोन्हीं. आपल्या शास्त्रकारांची दृष्टि याहून अगदीं भिन्न होती. कौटिल्य कुरण, शेत, खळें व वन जाळणाऱ्यास अग्नीनेंच देहान्त सांगतो. याहून कठोर शिक्षा ती कोणती? परंतु मनूनें आठव्या अध्यायांत गाईच्या ग्रासासाठीं घेतलेलें तृण व अग्नीसाठीं घेतलेलें काष्ठ यांस चोरीच मानलेलें नाहीं. म्हणजे वन जाळणें हें महापातक आणि वनांतलें गवत गाईपुढें टाकणें हा अपराधच नव्हे, असा विवेक शास्त्रांत होता. १९३० च्या सत्याग्रहींना तर चोरीचें कलमहि लागलें. मनुवचनाशीं हा संबंध आम्हीं जोडीत आहों. तो बापूजींच्या तोंडीं कोणी घालूं नये. मात्र संस्कृतावर त्यांचें असामान्य प्रभुत्व होतें, आणि लांकडाऐवजीं गवत पुढें करण्यांतील मर्म त्यांच्यासारख्या विद्वान् वकिलाच्या नजरेंतून सुटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. झाड तोडलें असतें तर जंगलाची नासधूस केली असें म्हणावयास सरकारास जागा मिळाली असती. गवताच्या पेंढीवर तो आरोप टिकत नाहीं.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. नागपुरास शिक्षण, अमरावतीस कांहीं काळ शिक्षकाचें काम, आणि १९०८ पासून यवतमाळांत वकिली. आज ज्यांस राष्ट्रीय पुढारी म्हणतात ते असे प्रथम एखाद्या लहानशा गांवचे पुढारी होते, ही गोष्ट चरित्रकार फार लवकर विसरतात. १९०१ च्या खानेसुमारींत यवतमाळची वस्ती जेमतेम दहा हजारांवर होती. अशा गांवीं १९१८ सालीं त्यांनीं ‘लोकमत’ साप्ताहिक काढलें. महानुभाव पोथ्यांच्या शोधार्थ झटणारे य. खु. देशपांडे व शारदाश्रम याच गांवचे. पुढें बापूजी नेहरू-समितीचे सभासद झाले, १९४१ त व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले व १९४३ त गांधीजींच्या उपोषणाच्या प्रसंगीं त्यांतून बाहेर पडले. लंकेंत हिंदुस्थानचे प्रतिनिधि व नंतर बिहारचे राज्यपालहि झाले. २६ जानेवारी १९६८ रोजीं ते निवर्तले. टिळकचरित्रपर त्यांच्या संस्कृत महाकाव्यास, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ यास, १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

पुसदनंतर अकराच दिवसांनीं, २१ जुलैस, डॉ. हेडगेवार यांनीं यवतमाळजवळ लोहारा येथील जंगलांत सत्याग्रह केला व त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. लोहारा हें नांव जुनें आहे. ऐन-इ-अकबरींत या परगण्याची नोंद योत-लोहारा अशी सांपडते. तीन शतकांपूर्वीं महसुलाच्या यादींत आलेलें गांव पुन्हा कागदावर आलें तें गवताच्या खटल्यामुळें! त्याच वर्षीं कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें २५ सप्टेंबरला व शिवनी जिल्ह्यांत तुरिया येथें ९ ऑक्टोबरला जंगल-सत्याग्रहांत गोळीबार होऊन माणसें मेलीं. पुसदेस तसा प्रसंग ओढवला नाहीं.

आतां संग्राहकांसाठीं दोन शब्द. सत्याग्रहींचीं नांवें खटल्यांच्या कागदांत आहेत. त्या जंगलाची आग राखणाऱ्यांचीं नांवें मात्र नाकेदारांच्या रोजनिशा, हंगामी राखणदारांचे हजेरीपट व पाटलांकडे आलेले जंगलखात्याचे हुकूम यांतच सांपडावयाचीं. जुन्या पाटील-पटवारी घराण्यांच्या दप्तरांत सनदा व महजर शोधतांना हे कागद रद्दी म्हणून बाजूस सारले जातात. तसें करूं नये. शोध घेतांना हेंहि ध्यानांत असावें कीं १९०५ पर्यंत या जिल्ह्याचें नांव वणी जिल्हा असें होतें, आणि पुसद तालुका त्या सालापर्यंत वाशीम जिल्ह्यांत मोडत होता. १९०३ पूर्वींचा वऱ्हाडचा वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चाले, नागपुरामार्फत नव्हे. म्हणून पुसदच्या रमण्यांची जुनी नोंद ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं प्रथम वाशीमचीं दप्तरें चाळावीं.