बारी, बिबट्या आणि बॅटलग्राउंड्स

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा दोन दिवसांत मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ गाजला होता. त्यांनी आरोप फेटाळला, तरी कृषी खातं त्यांच्याकडून गेलं. हे सगळं वाचकांना पाठ आहे. या गदारोळात मागे पडलेला प्रश्न वेगळाच आहे. ज्या खेळात एक रुपयाही मिळत नाही, तो खेळ कोट्यवधी माणसं रोज रात्री का खेळतात? ‘व्यसन लागलंय’ असं म्हणून पालकसभा पुढच्या विषयाकडे वळते. पण ते लागतं कशाचं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

हा प्रश्न घेऊन मला राजुरीला जावंसं वाटलं. नगर-कल्याण रस्त्यावर आळेफाटा सोडला की बेल्ह्याच्या अलीकडे लागणारं जुन्नर तालुक्यातलं हे गाव. दूध, कांदा आणि ऊस यांवर चालणारं. संध्याकाळी धारा काढून दूध घातलं की कामाचा दिवस संपतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलांच्या हातात मोबाइल येतो.

एका गोठ्याच्या पडवीत बसून मी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’, म्हणजे बीजीएमआय, या मोबाइल गेमचा एक डाव पाहिला. खेळणारा अकरावीतला मुलगा. त्याच्या टीममध्ये चौघं होते. एक चुलतभाऊ चाकणला कंपनीत, नुकताच शिफ्टवरून सुटलेला. एक मित्र नारायणगावला खोली घेऊन शिकणारा, आणि चौथा बेल्ह्याकडच्या मळ्यातला. विमानातून उड्या पडल्या, चौघं पोचिंकी गावात उतरले, बंदुका गोळा केल्या. पाचेक मिनिटांत हा पडवीतला मुलगा गोळी लागून आडवा झाला. ‘दादा, नॉक झालो, रिव्हाइव्ह दे!’ पलीकडून चाकणचा आवाज : ‘हलू नको, स्मोक टाकतो, आलो.’ मध्ये उघडं मैदान होतं. शहाणपण याला तिथेच सोडून निघून जाण्यात होतं. तरी दादा धुरातून पळत आला, याच्याजवळ बसला, आणि याला उठवायला लागणारी दहा सेकंदं पुरी व्हायच्या आत दोघांनाही कुणीतरी टिपलं. डाव गेला.

माइक मात्र कुणी बंद केला नाही. पुढची दहा मिनिटं कंपनीतला सुपरवायझर, यात्रेला मिळणारी-न मिळणारी रजा, कुणाची गाय व्यायली, असल्या गप्पा झाल्या. मग कुणीतरी ‘लाव रे’ म्हणालं आणि पुन्हा विमान उडालं.

मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं या एका डावात दिसतात. अमेरिकेतले रिचर्ड रायन आणि त्यांचे सहकारी स्कॉट रिग्बी व अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २००६ साली खेळाडूंचा अभ्यास करून सांगितलं, की व्हिडिओ गेमची ओढ तीन साध्या भुकांतून येते. आपल्याला काहीतरी जमतंय, ही पहिली. काय करायचं ते मी ठरवतोय, ही दुसरी. माझी माणसं माझ्याबरोबर आहेत, ही तिसरी. या भुका फक्त गेमच्या नाहीत, अख्ख्या जगण्याच्या आहेत. गेमचं वेगळेपण इतकंच, की तो त्या लगेच आणि हमखास भागवतो. अकरावीतल्या मुलाला कॉलेजात काय जमतंय हे परीक्षेनंतर कळतं, शेतात काय पेरायचं हे वडील ठरवतात आणि दादा चाकणला आहे. पडवीत बसल्या बसल्या तिन्ही गोष्टी वीस मिनिटांत मिळतात.

त्याच्याही आधी, १९९६ साली, ब्रिटनच्या रिचर्ड बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते : कमाई करणारे, धुंडाळणारे, गप्पिष्ट आणि दुसऱ्याला पाडण्यात रस असलेले. गेम बनवणारे ही वर्गवारी आजही वापरतात. राजुरीच्या पडवीत मला एकाच मुलात हे चारही प्रकार दिसले, आणि अर्ध्या तासात ते चार वेळा बदलले. म्हणून वर्गवारीपेक्षा मला भुकांची भाषा जवळची वाटते.

ही भाषा जुन्नर-आंबेगावला नवी नाही. इथे बैलगाडा शर्यत आहे. सांगली-साताऱ्याकडे अनेक गाड्या एकदम सुटतात. आपल्या घाटात एका वेळी एकच गाडा पळतो. चार बैल, पुढे घोडी, चढाचा घाट आणि घड्याळ. बारा-चौदा सेकंदांत बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, संपते. शर्यत शेजारच्या गाड्याशी नसते, सेकंदाशी असते. ठरलेल्या सेकंदांच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात धरतात आणि बक्षिसाची रक्कम त्यांच्यात वाटली जाते. वाट्याला येणाऱ्या रकमेत बैलांचा महिन्याचा खुराकसुद्धा निघत नाही. तरी माणूस वर्षभर पोरासारखा बैल सांभाळतो, टेम्पो करून वीस यात्रा फिरतो, आणि निवेदकाच्या तोंडून आपल्या गाड्याचं नाव निघून घाटात ‘भिर्रर्र’ झालं की त्याला सगळं मिळतं. कसब आहे, स्वतःचा निर्णय आहे, भोवती आपली माणसं आहेत. २००६चा तो निबंध घाटाच्या कडेला बसून लिहिता आला असता.

बंदीनं काय होतं, हेही या दोन तालुक्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या साडेसात वर्षांत घाट ओस पडले. पण शर्यतीचा बैल दावणीला बांधून, त्याला खुराक घालून वाट पाहणारे शेतकरी होतेच. मोबाइलवरही तेच झालं. पब्जी २ सप्टेंबर २०२० रोजी बंद झाला. पुढच्या जुलैत तो बीजीएमआय नावानं परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. प्रत्येक वेळी मुलं मधल्या काळात दुसऱ्या खेळावर गेली. बैलांच्या हालांचा प्रश्न खरा होता आणि मुलांच्या बिघडलेल्या झोपेचा प्रश्नही खरा आहे. पण बंदी खेळ थांबवते, भूक थांबवत नाही.

आता राजुरीची संध्याकाळ बघा. दिवस मावळला की इथे मूल अंगणात सोडत नाहीत. कारण बिबट्या. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी कालव्यांनी आलं, जिरायत शिवारात ऊस उभा राहिला आणि उसात बिबट्यानं घर केलं. तिथेच पिल्लं होतात, तिथेच वाढतात. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यातल्याच शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन मुलं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्या दिवसांत मोबाइल घेऊन घरात बसलेलं मूल बघून कोणत्या आईनं त्याला ‘जा, बाहेर जाऊन खेळ’ म्हटलं असेल?

मोबाइलविषयीच्या भाषणांत ही गोष्ट कधीच येत नाही, याचा मला राग येतो. सूरपारंब्या आणि विटीदांडू मुलांनी मोबाइलपायी सोडले, असं आपण सांगत सुटतो. पण मळ्यातल्या वस्तीवर, जिथे शेजारचं घर उसाच्या दोन पट्ट्यांपलीकडे आहे, तिथे संध्याकाळी सहानंतर चार मुलं एकत्र येणार कशी? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे गेली कित्येक वर्षं मांडतायत, की मुलांचा मोकळा, मोठ्यांच्या देखरेखीविना चालणारा खेळ मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून आटत चालला आहे. तिथे कारण गाड्यांची वर्दळ आणि अनोळखी माणसांची भीती. इथे कारणाला चार पाय आहेत. परिणाम मात्र एकच : मुलांना एकमेकांना भेटायला उरलेली जागा म्हणजे स्क्रीन.

सगळेच जिंकण्यासाठी खेळतात असंही नाही. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांतल्या मावश्या-आत्या लुडो किंगवर एकत्र आल्या. तो गेम बनला नवी मुंबईत, आणि तो खेळताना फासे कमी, विचारपूस जास्त चालायची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं त्याच वर्षी ‘राजी’ हा गेम आणला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. ती खेळणारा गोष्टीसाठी, देवळांच्या कोरीव भिंतींसाठी खेळतो. रात्री थ्री फेज विजेची वाट बघत मोटारीजवळ बसलेला शेतकरी पत्त्यांचा गेम उघडतो तो निव्वळ झोप येऊ नये म्हणून. या सगळ्यांना ‘गेमिंगचा विळखा’ या एकाच मथळ्याखाली कोंबणं ही आळशी पत्रकारिता आहे.

मग काळजीचं काहीच नाही? आहे, आणि ती कुठे आहे हे नीट दाखवलं पाहिजे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ साली सात गेमच्या सुमारे ३९ हजार खेळाडूंचा प्रत्यक्ष खेळलेला वेळ कंपन्यांकडून घेऊन तपासला. किती तास खेळला यानं माणसाच्या स्वास्थ्यात जवळपास काही फरक पडत नव्हता. फरक दिसत होता तो ‘खेळावंसं वाटतं म्हणून’ आणि ‘खेळणं भाग आहे म्हणून’ यांत. आणि ‘भाग आहे’ ही भावना तयार करण्यात कंपन्या तरबेज झाल्या आहेत. रोज लॉगिन केलं नाही तर बक्षिसांची साखळी तुटते. रॉयल पासची मुदत संपत येते. पेटीतून काय निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात कबुतरांवर दाखवून दिलं होतं, की दाणा कधी मिळेल हे अनिश्चित ठेवलं की पक्षी चोच मारायचं थांबत नाही. २०२१ मध्ये बीजीएमआय आला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि ७ हजार रुपये अशी मर्यादा होती. वयाच्या रकान्यात दुसरी जन्मतारीख आणि आजोबांचा मोबाइल नंबर टाकणं कोणत्या मुलाला जमत नाही? माझा आक्षेप मुलाच्या भुकेवर नाही, त्या भुकेचा भाव ठरवणाऱ्या या यंत्रणेवर आहे.

पैशांच्या खेळाची गोष्ट तर सरळ निराळी आहे. फ्रेंच विचारवंत रॉजर काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे जे प्रकार सांगितले, त्यात चुरशीचा खेळ वेगळा आणि नशिबाचा वेगळा. चुरशीत माणूस स्वतःवर भिस्त ठेवतो, नशिबाच्या खेळात तो स्वतःला सोडून देतो. मटका दुसऱ्या प्रकारातला. २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदारानं ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी जिंकले आणि तो निलंबित झाला. पण गावोगाव चर्चा झाली ती दीड कोटींची, आणि त्या बातमीनं किती जणांनी पहिल्यांदा पैसे लावले असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. नव्या कायद्यानं चुरस की नशीब हे न बघता फरक केला तो पैशांचा. पैशांचे खेळ बंद करून ई-स्पोर्ट्सला त्यानं मान्यता दिली आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं नाही. हे मला योग्य वाटतं.

या विषयात मला सारखी आठवण येते ती लेखक डॉ. अनिल अवचट यांची. ते जुन्नर तालुक्यातलेच, ओतूरचे. गर्द या अमली पदार्थाच्या व्यसनावर त्यांनी लिहिलं, आणि त्यातून, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं, १९८६ साली अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. दारू-गर्दच्या रुग्णांबरोबर आता ज्यांना मोबाइल सोडवत नाही असेही तिथे येतात. पण मला त्यांचं दुसरं अंग महत्त्वाचं वाटतं. हा माणूस आयुष्यभर खेळत राहिला. ओरिगामी, बासरी, लाकडातलं कोरीव काम, चित्रं, स्वयंपाक. त्यावर ‘छंदांविषयी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात स्पर्धा नव्हती, बक्षीस नव्हतं. कागदाची घडी हवी तशी बसली की झालं. व्यसन सोडवायला निघालेला माणूस स्वतः इतका रमणारा असावा, यात मला योगायोग दिसत नाही. नशेची जागा रिकामी ठेवून भागत नाही, तिथे जीव गुंतेल असं काही लागतं, हे त्यांनी जगून दाखवलं. मुक्तांगणमध्ये औषधांच्या जोडीला समूह आहे, संगीत आहे, कला आहे, ते त्याचसाठी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्याची कसोटी कडक आहे : खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं आणि हे साधारण वर्षभर चालणं. असं मूल घरात असेल तर मोबाइल हिसकावण्याआधी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांच्या बाबतीत आईवडिलांनी एकदा शेजारी बसून अख्खा डाव पाहावा. माइकवर कोण आहे, हरल्यावर पोरगं हसतं की चिडतं, पैसे कुठे मागितले जातात, हे अर्ध्या तासात कळतं.

आणि गावानं करण्यासारखी गोष्ट तर साधी आहे. शाळेच्या मैदानाला चारी बाजूंनी उंच जाळीचं कुंपण, चार खांबांवर दिवे आणि आठ वाजेपर्यंत पाळीपाळीनं थांबणारी दोन मोठी माणसं. मळ्यातल्या मुलांना आणायला-सोडायला एखादं पिकअप. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी शेतकरी बिबट्यामुळे करतायतच. तिच्याच जोडीला हीही मागणी हवी. सरकारकडून येईल तेव्हा येईल, पण यात्रेच्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढला तरी दिवे लागतील. चैत्रातल्या यात्रांच्या बैठका त्याआधी महिना-दीड महिना बसतात. गाड्यांच्या बक्षिसांचा आकडा ठरतो त्याच बैठकीत मैदानाचा विषय निघाला पाहिजे.