चोरट्या नकला आणि बंद झालेलें दुकान

गेल्या सहामाहींत तास संपल्यावर एका विद्यार्थ्यानें आम्हांस थांबवून एक प्रश्न विचारला. अमेरिकेंतील एका प्रसिद्ध खेळाच्या प्रकाशकांनीं चोरट्या नकलांना कंटाळून आपल्या पुस्तकांची संगणकावरील विक्रीच एके काळीं बंद केली होती, असें त्याच्या वाचनांत आलें होतें. “सर, विकणाराच विकत नाहीं म्हणतो, मग कोणी मित्राकडून नक्कल घेतली, तर त्यानें कोणाचें काय चोरलें?” असें त्याचें म्हणणें. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून घाईनें उत्तर देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. त्या उत्तरासाठींच हा लेख. मूळ हकीकत नीट समजल्यावांचून न्याय करतां येत नाहीं, यास्तव प्रथम हकीकत सांगतों.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघां गृहस्थांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केला. बुद्धिबळास पट लागतो, पत्त्यांस पत्ते लागतात. ह्या खेळास मात्र मुख्यतः कल्पनाशक्ति लागते. चारपांच गडी एकत्र बसतात. एक जण सूत्रधार होतो व कथेचा प्रसंग वर्णन करितो. बाकीचे गडी योद्धा, मांत्रिक, चोर अशा भूमिका घेऊन “आम्ही आतां अमुक करितों” असें सांगतात. यश येईल कीं अपयश, हें चारपासून वीसपर्यंत पैलू असलेल्या फाशांनीं ठरतें. अर्थात् ह्या खेळाचा सर्व जीव नियमांच्या पुस्तकांत असतो. प्रकाशक जें विकतो तें पुस्तक. तें कोणी फुकट वांटलें, तर त्याच्या दुकानांत विकण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. प्रकाशकाच्या भीतीचें मूळ येथें आहे.

हा खेळ प्रसिद्ध करणारी मूळ कंपनी १९९७ सालीं ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीनें विकत घेतली. आणि १९९९ सालीं ही दुसरी कंपनी ‘हॅस्ब्रो’ या खेळण्यांच्या मोठ्या कारखानदारांच्या हातीं गेली. पुढें संगणकावर वाचावयाच्या, ‘पीडीएफ’ नांवाच्या प्रतीहि विकल्या जाऊं लागल्या. ह्यांत ग्राहकांचा मोठा लाभ होता. तीस-तीस वर्षांपूर्वींचीं, छापखान्यांतून केव्हांच नाहींशीं झालेलीं पुस्तकें थोडक्या पैशांत मिळूं लागलीं. विकलेल्या प्रतीवर विकत घेणाराची खूण उमटविण्याचीहि सोय होती. तींतून ती प्रत मूळ कोणास विकली होती हें कळे.

खेळाची चौथी आवृत्ति जून २००८ मध्यें निघाली, व मार्च २००९ मध्यें खेळाडूंसाठीं दुसरें नियमपुस्तक बाहेर पडलें. थोडक्याच दिवसांत त्याच्या चोरट्या नकला इंटरनेटवर सर्वांस खुल्या झाल्या. ६ एप्रिल २००९ रोजीं कंपनीनें अमेरिका, पोलंड व फिलिपाइन्स येथील आठ जणांविरुद्ध वॉशिंग्टन संस्थानांतील न्यायालयांत तीन फिर्यादी दाखल केल्या. येथपर्यंत कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. ज्याचा माल लुटला गेला त्यानें न्यायालयांत जावें, हें योग्यच आहे.

परंतु त्याच सुमारास कंपनीनें दुसरेंहि एक पाऊल उचललें. जे दुकानदार इंटरनेटवर तिच्या पीडीएफ प्रती विकीत होते, त्या सर्वांस तिनें विक्री ताबडतोब थांबविण्यास सांगितलें. केवळ नवें पुस्तकच नव्हे, तर जुन्या आवृत्त्यांचीं सर्व पुस्तकें एका दिवसांत विक्रींतून नाहींशीं झालीं. ज्यांनीं पूर्वींच पैसे भरले होते, पण प्रत उतरवून घेण्याचें राहिलें होतें, किंवा दुकानदाराकडील आपलें खातें हेंच आपलें कपाट समजून जे निश्चिंत होते, त्यांचीहि तारांबळ उडाली. कारण विकलेल्या प्रती पुन्हां उतरवून देण्याची सोयहि बंद झाली.

आतां परिणाम पहा. चोरट्या नकला थांबल्या काय? नाहीं. ज्या नकला आधींच पसरल्या होत्या त्या परत गोळा करणें अशक्य होतें. आणि छापील पुस्तकाचें एकेक पान यंत्राखालीं धरून नवी नक्कल करण्यास फारसे श्रम पडत नाहींत. म्हणजे चोरट्या वाटेनें जाणाऱ्यास पुस्तक पूर्ववत् मिळत राहिलें; पैसे देऊं इच्छिणाऱ्या सज्जनास मात्र तें मिळेनासें झालें. गव्हांतील निदणाचा दृष्टांत आपणांस उपासनेंत ऐकून ठाऊक आहे. निदण उपटण्याच्या उतावळेपणांत गहूंहि मुळासकट हातीं येतो, म्हणून तेथील धनी आपल्या चाकरांस आवरतो. ह्या कंपनीजवळ तसा आवरणारा कोणी नव्हता असें दिसतें.

ह्याच काळांत दुसरा एक प्रकाशक निराळ्या वाटेनें चालला होता. सन २००० मध्यें मूळ खेळाच्या नियमांचा बराचसा भाग एका खुल्या परवान्याखालीं इतरांच्या उपयोगास दिला गेला होता. त्याच्या आधारें ‘पायझो’ नांवाच्या कंपनीनें ऑगस्ट २००९ मध्यें ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला. त्याच्या छापील ग्रंथाची किंमत पन्नास डॉलरांच्या आसपास होती. पीडीएफ प्रत मात्र दहा डॉलरांस ठेविली. तिच्याहि नकला झाल्याच असतील; पण प्रामाणिक गिऱ्हाइकासाठीं दार उघडें राहिलें, आणि हा खेळ पुष्कळ वर्षें चांगला चालला.

पुढें पहिल्या कंपनीसहि आपला मार्ग बदलावा लागला. जानेवारी २०१३ मध्यें, म्हणजे सुमारें पावणेचार वर्षांनीं, तिनें जुन्या पुस्तकांची संगणकावरील विक्री पुन्हां सुरू केली. २०१४ सालीं पांचवी आवृत्ति निघाली तेव्हां प्राथमिक नियम तिनें स्वतःच फुकट दिले. २०२३ च्या आरंभीं जुना खुला परवाना बदलण्याचा घाट तिनें घातला असतां खेळाडूंत मोठा क्षोभ उडाला. शेवटीं त्याच जानेवारींत खेळाचे मूलभूत नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखालीं सर्वांस मोकळे झाले. सुमारें १४ वर्षांपूर्वीं ज्या दारास कुलूप लागलें होतें, त्याचा एक भाग मालकानेंच उघडून दिला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें कायद्याचाहि थोडा विचार करूं. खेळाची कल्पना किंवा पद्धति ही कोणाची मालमत्ता होत नाहीं; ती ज्या शब्दांत व चित्रांत मांडिली असेल ते शब्द व तीं चित्रें मात्र लेखकाचीं असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८७९ सालीं हिशेबाच्या एका पुस्तकाविषयींच्या खटल्यांत हा भेद स्पष्ट केला. आपल्या देशांत १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याप्रमाणें लेखकाचा हक्क त्याच्या हयातींत व त्यानंतर ६० वर्षें टिकतो, आणि जाणूनबुजून त्याचा भंग करणें हा गुन्हा आहे. खासगी अभ्यासासाठीं वाजवी उपयोग करण्यास तोच कायदा मुभा देतो. परंतु चार उतारे टिपून घेणें निराळें, आणि सबंध पुस्तक शंभर जणांस पाठविणें निराळें.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. बाळा, विकणारा विकत नाहीं एवढ्यानें त्याची वस्तु तुझी होत नाहीं. शेजारी आपले आंबे बाजारांत नेत नाहीं, म्हणून त्याच्या झाडावर चढण्याचा हक्क आपणांस पोंचत नाहीं. तूं म्हणशील, आंबा घेतला तर शेजाऱ्याचा एक आंबा कमी होतो, नकलेनें कांहीं कमी होत नाहीं. तें खरें आहे, आणि म्हणूनच हें पाप लहान वाटतें. परंतु कमी होतो तो लेखकाच्या श्रमाचा मोबदला. आपल्या मराठींत पुष्कळ पुस्तकांची आवृत्ति हजार-पांचशें प्रतींचीच निघते. तेंच पुस्तक मोबाइलवरून गांवोगांव फुकट फिरलें, तर दुसरी आवृत्ति काढण्याचें धैर्य प्रकाशकास कोठून येणार?

तथापि दोष एकाच बाजूचा नाहीं, हेंहि आम्ही मोकळेपणें कबूल करितों. जो विक्रेता सरळ वाट बंद करितो, तो दुबळ्या मनाच्या माणसास आडवाटेकडे ढकलतो. प्रामाणिकपणा सोपा करून ठेवणें हें विकणाऱ्याचें कर्तव्य; आणि तो कठीण झाला तरी न सोडणें हें आपलें.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाच्या मोबाइलवर सबंध क्रमिक पुस्तक किंवा कादंबरी आढळली, तर रागावण्यापूर्वीं ती कोठून आली हें शांतपणें विचारावें. पुष्कळ पुस्तकें लेखकांनीं वा सरकारनें स्वखुषीनें मोफत दिलेलीं असतात. तीं वापरण्यांत कांहींच गैर नाहीं. जें मोफत नाहीं त्यासाठीं ग्रंथालय आहे, जुन्या पुस्तकांचें दुकान आहे, मित्राकडून छापील प्रत चार दिवस मागून आणण्याची जुनी रीत आहे. आणि विद्यार्थ्यांनीं एक व्यवहाराचीहि गोष्ट ध्यानांत ठेवावी: पैसे देऊन घेतलेली प्रत परवान्यांत मुभा असेल तेथें त्याच दिवशीं उतरवून जपून ठेवावी. दुकानदाराचें कपाट हें आपलें कपाट नव्हे, हा धडा २००९ सालीं पुष्कळांस एका रात्रींत शिकावा लागला.

त्या विद्यार्थ्यानें हें सर्व ऐकून घेतलें, आणि थोडा वेळ थांबून म्हणाला, “सर, मग मी ते फुकट दिलेले नियमच उतरवून घेतों.” आम्हीं म्हटलें, “अवश्य घे. आणि खेळ मांडशील तेव्हां आम्हांसहि बोलाव.”