ठाकुर्लीच्या फलाटावर बिबट्या!

दोस्तांनो, डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक चित्र काढा. ठाकुर्ली स्टेशन, सकाळची गर्दी. सगळ्यांच्या मधोमध एक बिबट्या दप्तर अडकवून लोकलची वाट बघतोय. त्याच्या अंगावरच्या प्रत्येक ठिपक्यात एकेक उजळलेली खिडकी आहे. आणि आजूबाजूच्या माणसांना? चक्क शेपट्या फुटल्या आहेत!

"असं कुठे असतं का?" असं म्हणालात ना? अहो, स्वप्नात असतं की! झोपेत एक टप्पा असा येतो, की बंद पापण्यांआड आपली बुबुळं भराभर हलतात. सगळ्यात रंगतदार स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. त्या वेळी मेंदूचे चित्रं आणि भावना सांभाळणारे भाग जोरात काम करतात. पण 'हे शक्य आहे का?' अशी तपासणी करणारा, कपाळामागचा भाग मात्र बराच शांत असतो. म्हणून स्वप्नात हत्तीने गप्पा मारल्या तरी आपल्याला नवल वाटत नाही.

अशी स्वप्नासारखी चित्रं जागेपणी काढणारे चित्रकारही आहेत. त्यांच्या कलेला अतिवास्तववाद म्हणतात. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने तिचा जाहीरनामा लिहिला.

मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोने १९४६ साली एक चित्र काढलं. जंगलात धावणारं हरीण, अंगात रुतलेले नऊ बाण आणि मानेवर चेहरा... फ्रिडाचा स्वतःचा! तरुणपणी बसच्या अपघातात ती भयंकर जखमी झाली होती. ते दुखणं तिला जन्मभर पुरलं. लोक तिला अतिवास्तववादी म्हणत. ती म्हणे, मी माझं खरंखुरं आयुष्यच रंगवते. गंमत बघा, तिने आपलं दुःख सांगायला हरणाचं अंग घेतलं आणि ते बघताना हरणाचं दुःखही आपल्याला कळलं. माणूस आणि प्राणी एकाच देहात आले, की दोघांमधलं अंतर गळून पडतं. या चित्रांची खरी जादू हीच आहे.

आता आपल्याकडे या. ठाणे-पालघरच्या वारली पाड्यांवर वाघदेव आहे. त्यालाच वाघोबा म्हणतात. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, सोबत चंद्र-सूर्य. त्याला शेंदूर लावतात, वाघबारशीला त्याची पूजा करतात. २०१८-१९ मध्ये अभ्यासकांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची १५० ठाणी नोंदवली. वाघोबाची भीती वाटते, तरी तो शत्रू नाही. त्याचा मान राखला तर तो आपल्याला सांभाळतो, अशी तिथली श्रद्धा आहे.

आणि फलाटावरचा बिबट्या? तो निव्वळ कल्पनेतला नाही बरं का! २००९ साली विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वाचवून माळशेजच्या जंगलात सोडलं. त्याआधी बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात जागा कळवणारा पट्टा बांधला होता. वयस्कर म्हणून त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून महिन्याभरात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचले. वाटेत त्यांनी महामार्ग ओलांडला आणि कसारा स्टेशनही! हो, ठाकुर्लीवरून जाणाऱ्या आपल्याच लाइनीवरचं कसारा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तर ठाकुर्लीशेजारच्या कल्याण पूर्वेत एक बिबट्या राहत्या इमारतीत शिरला. काही माणसं जखमी झाली. अखेर वनखात्याने त्याला भूल देऊन पकडलं. माणसं घाबरली होती, तसाच तोही घाबरलेला होता. अनोळखी जिने, बंद दारं, आरडाओरडा. त्याच्यासाठी तेच एक भीतिदायक स्वप्न होतं!

तेव्हा आज कागद घ्या आणि एक चित्र काढा. अर्धं अंग तुमचं, अर्धं एखाद्या रानटी प्राण्याचं. त्याच्या डोळ्यांनी आपलं गाव कसं दिसेल, तेही रंगवा. आणि खरा बिबट्या दिसलाच, तर त्याच्या मागे धावू नका, घेराव घालू नका, फोटोच्या नादाला लागू नका. लांब व्हा, मोठ्यांना सांगा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला लावा. त्याला निघून जायला वाट मिळाली, की तोही सुखरूप आणि आपणही.